आखूड की पूर्ण लांबीचे? स्पर्धेचे एअर पिस्तूल आणि त्याची राखीव जोडी निवडताना

गेल्या मोसमातल्या एका सामन्याची सकाळ. तेरा वर्षांची मुलगी, हातात कोरे करकरीत आखूड पिस्तूल, सोबत वडील. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे सामन्याआधीच्या साहित्य तपासणीच्या, टेबलावर पिस्तूल मापपेटीत (नियमात बसते का ते बघायच्या ठरावीक मापाच्या पेटीत) ठेवले, तर झाकण बसेना. लांबीला सहा बोटे जागा शिल्लक होती, अडकले ते जाडीला. ग्रिप (पिस्तुलाची मूठ) हाताला घट्ट बसावी म्हणून वडिलांनी घरी पुट्टीचा थर चढवला होता. मग पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर सॅण्डपेपर घेऊन घासाघासी झाली आणि पिस्तूल पास झाले. पण घासलेली ग्रिप हाताला परकी लागू लागली, आणि स्कोअर कुठे गेला ते सांगायला नको.

ही गोष्ट अपवाद असती तर लिहिली नसती. दर मोसमात तीनच चुका फिरून फिरून दिसतात. पालक लांबी बघून पिस्तूल घेतात, मापाची भीती लांबीची बाळगतात आणि फसतात जाडीत. तिसरी चूक म्हणजे ‘राखीव’ म्हणून केसमध्ये ठेवलेले पिस्तूल सहा महिन्यांत एकदाही न चालवणे. खाली दिलेला क्रम मोडू नका. लांबीचा निर्णय यात मुद्दाम पाचवा ठेवला आहे.

## आधी ही तयारी

दुकानात जाण्यापूर्वी घरात एवढे जमवा: स्टीलची पट्टी किंवा व्हर्निअर कॅलिपर, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, ५०० ग्रॅमचे खात्रीचे वजन (वाण्याकडचे मुद्रांकित वजन चालते, त्याला दोरी आणि तारेचा आकडा बांधायचा), एक वही आणि पांढरा कागद. कागदावर नेमबाजी करणारा हात बोटे किंचित फाकवून ठेवा आणि पेन्सिलने रेष फिरवा. ग्रिपचा आकार ठरवताना विक्रेत्याला मुलाच्या वयापेक्षा हे चित्र जास्त उपयोगी पडते.

आणखी एक तयारी म्हणजे रेंजवरच्या निदान तिघांची वेगवेगळी पिस्तुले हातात धरून बघणे. चार ड्राय फायर (छर्रा न घालता चाप ओढणे) करून काहीच कळत नाही. वीस-पंचवीस करा.

## टप्पा १ : कोणत्या सामन्यासाठी, ते आधी ठरवा

मापे सामन्यानुसार बदलतात. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर पिस्तुलाची मापपेटी ४२० × २०० × ५० मिलिमीटरची आहे. वजन सगळ्या जोडण्यांसह जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगरचा ताण किमान ५०० ग्रॅम, छर्रा ४.५ मिमीचा. २५ मीटरच्या पॉइंट टू टू पिस्तुलाची पेटी बरीच लहान आहे: ३०० × १५० × ५० मिमी, वजन रिकाम्या मॅगझिनसह १४०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, बॅरल १५३ मिमीपेक्षा लांब नको आणि दोन साइट्समधले (नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधले) अंतर २२० मिमीपेक्षा जास्त नको. म्हणजे तिथे सगळ्यांचेच पिस्तूल आखूड असते आणि ‘कॉम्पॅक्ट (आखूड) घेऊ का?’ हा प्रश्नच उरत नाही. शिवाय ते अग्निशस्त्र, त्यामुळे परवाना आला. हा लेख १० मीटरपुरता आहे.

एक गैरसमज इथेच संपवू. सब-युथ, युथ, ज्युनिअर अशा गटांसाठी वेगळी मापपेटी नसते. बारा वर्षांच्या मुलाला आणि ऑलिम्पिकपटूला पेटी एकच. आणि नियमात फक्त वरची मर्यादा आहे. पिस्तूल किती लहान असावे याला खालची हद्दच नाही, त्यामुळे ‘आखूड पिस्तूल सामन्यात चालते का हो?’ या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘हो’ असे आहे.

तपासा: तुमच्या स्पर्धेचे माहितीपत्रक वाचलेत का? जिल्ह्यापासून ‘कॅप्टन इझेकील’ राज्य स्पर्धेपर्यंत आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जायचे असेल, तर पहिल्या पायरीवर ढिलाईने चालून गेलेले पुढे चालत नाही.

## टप्पा २ : ग्रिप

पिस्तुलाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. बॅरल, नाव, रंग हे सगळे त्याच्या मागून.

ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येते, काही उत्पादक त्याहून लहान मापही देतात. डावा-उजवा हात वेगळा. डावखुऱ्या मुलाला उजवी ग्रिप घासून देणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्या वाटेला जाऊ नका. पिस्तूल हातात घेतल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा गाभा ट्रिगरवर सरळ मागे दाबेल असा पडला पाहिजे. बोटाची मधली बाजू पिस्तुलाच्या अंगाला घासता कामा नये. तळव्याखालचा आडवा आधार, ज्याला आपण पाम शेल्फ म्हणतो, तो हाताला नुसता टेकावा, त्याने हात आवळू नये. सोडवायला बोटे ताणावी लागत असतील तर शेल्फ फारच वर आहे.

नियम थोडक्यात असे. मनगट मोकळे दिसले पाहिजे, ग्रिपचा कोणताही भाग मनगटाला आधार देईल इतका मागे जाता कामा नये. शेल्फ ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करून वर वळलेला नको. अंगठा वर उचलता आला पाहिजे.

पुट्टी लावायला बंदी नाही. मी स्वतः लावतो. पण आधी घासायचे आणि मग, लागलीच तर, भरायचे. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, आणि प्रत्येक थरानंतर आठवडाभर त्यावर सराव झाला पाहिजे. सामन्याच्या आधीच्या पंधरवड्यात ग्रिपला हात लावायचा नाही.

सावधान: पुट्टी आणि बाहेर सरकवलेला शेल्फ यांनी पिस्तूल आडवे फुगते. पेटीची ५० मिमी जाडी नेमकी इथे संपते.

## टप्पा ३ : ट्रिगर

पिस्तूल कॉक करा. चाचणीच्या वेळी हवेचा दाब चालू असावा लागतो, त्यामुळे घरीही तसेच करा. पिस्तुलात छर्रा नाही याची दोनदा खात्री करून, बॅरल सरळ वर धरा. ५०० ग्रॅमचे वजन ट्रिगरच्या मध्यावर अडकवून जमिनीवरून अलगद उचला. वजन उचलले जाऊन लटकत राहिले तर पास, चाप सुटला तर नापास. अधिकृत चाचणीत तीनपर्यंत प्रयत्न मिळतात.

ट्रिगर ५०० वर काठोकाठ बसवू नका. पुण्यात डिसेंबरमध्ये बसवलेला ट्रिगर मे महिन्यात मुंबईत वरळीच्या रेंजवर तसाच राहील याची शाश्वती नसते, आणि गाडीच्या डिकीतला प्रवास वेगळाच. मी ५१५ ते ५२० ठेवायला सांगतो. मुलांना हे पंधरा-वीस ग्रॅम जाणवतही नाहीत, पालकांना मात्र फार जाणवतात! सामना संपल्यावर अचानक निवड करून ट्रिगर तपासतात, आणि तिथे नापास म्हणजे थेट अपात्र. गुण कापून भागत नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की यांत्रिक? ज्याचे मुख्य आणि राखीव अशी दोन्ही पिस्तुले एकाच प्रकारची मिळतील, तो घ्या. मुख्य इलेक्ट्रॉनिक आणि राखीव यांत्रिक ही जोडी मला कधीच पटलेली नाही. बोटाला लागलेली सवय ऐन सामन्यात बदलत नाही.

## टप्पा ४ : वजन आणि तोल

पूर्ण लांबीची पिस्तुले साधारण ९५० ते १००० ग्रॅमच्या आसपास असतात, आखूड त्यापेक्षा शंभरेक ग्रॅमने हलकी. १५०० ची मर्यादा इतकी दूर आहे की वजनासाठी कुणी नापास झालेला मी पाहिलेला नाही. त्यामुळे इथे नियम विसरा आणि खांदा बघा.

चाचणी अशी. पिस्तूल उचला, लक्ष्यावर आठ सेकंद धरा, खाली ठेवा, अर्धा मिनिट थांबा. असे वीस वेळा. शेवटच्या पाच वेळा मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा. नळी खाली झुकत असेल, किंवा मूल पाठ मागे रेलून वजन पेलत असेल, तर ते पिस्तूल त्याला आज जड आहे. आधी बॅरलवरची सुटी वजने काढून हीच चाचणी पुन्हा करा. बऱ्याचदा तेवढ्याने भागते आणि दीड-दोन लाखांचा खर्च वाचतो.

नळीकडचा भार आणि एकूण वजन यांत गल्लत होते. आखूड पिस्तूल हलके वाटते त्याचे कारण त्याचा भार हाताजवळ असतो. पण हाताजवळ भार असलेले पिस्तूल चटकन हलतेही. पुढे थोडा भार असला की साइट लक्ष्याखाली शांत राहते. मूल मोठे झाले की आखूड पिस्तुलाला पुढे वजन लावून तोल सुधारता येतो, म्हणून वजने लावायची सोय आहे का, हे घेताना विचारून घ्या.

## टप्पा ५ : आता लांबी

रेंजवरच्या चहाच्या टपरीवर वाद रंगतो तो याच मुद्द्यावर. एका गटाचे म्हणणे असे की दोन साइट्समधले अंतर कमी झाले की चूक वाढते, म्हणून आखूड पिस्तूल म्हणजे गुणांवर पाणी. दुसरा गट म्हणतो, लहान मुलाला लांब नळी दिली की खांदा आणि सवय दोन्ही बिघडतात.

पहिल्या गटाचे गणित करून बघू. समजा पूर्ण पिस्तुलात दोन साइट्समधले अंतर ३६० मिमी आणि आखूडमध्ये ३१०. फ्रंट साइट अर्धा मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर पहिल्याची चूक सुमारे १४ मिमी आणि दुसऱ्याची सुमारे १६ मिमी. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर एकेका वर्तुळाची रुंदी ८ मिमी. म्हणजे फरक पडला पाव गुणाचा, तोही साइट अर्धा मिलिमीटर हललेली असताना. तो अर्धा मिलिमीटर हलतो कशाने? जड पिस्तुलाखाली थकलेल्या मनगटाने आणि ट्रिगर ओढल्याने. त्यामुळे लांबीने मिळवलेला पाव गुण थकवा सहज खाऊन टाकतो.

माझा कौल असा. वीस उचलींची चाचणी पूर्ण लांबीच्या पिस्तुलावर पास झाली तर पूर्ण लांबीचेच घ्या, वय काही असो. नापास झाली तर आखूड घ्या, पण ‘दोन वर्षांनी विकू’ हे मनात धरून घ्या आणि ग्रिप बदलता येईल असेच मॉडेल निवडा. स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ या सगळ्यांची पूर्ण आणि आखूड अशी दोन्ही रूपे येतात. एकाच घरातले आखूड आणि पूर्ण असेल तर पुढे ट्रिगरची सवय मोडावी लागत नाही.

मापाच्या मर्यादेवरचा दुसरा वाद मोठ्या हातांच्या नेमबाजांचा. त्यांचे म्हणणे, ५० मिमी जाडी आमच्या तळव्याला अपुरी पडते. लार्ज ग्रिप आणि बाहेर काढलेला शेल्फ घेतला की त्यांची पिस्तुले खरोखरच काठावर येतात. तरी मर्यादा सैल करावी असे मला वाटत नाही. जाडी मोकळी सोडली तर ग्रिपचा हळूहळू हातमोजा होईल आणि एका हाताने पिस्तूल पेलण्याचा खेळच उरणार नाही. रुंद हात असेल तर शेल्फ बाहेर काढण्याऐवजी ग्रिपची आतली बाजू कोरा. लाकूड तिथे भरपूर असते.

## टप्पा ६ : घरची मापपेटी

प्लायवुड किंवा जाड पुठ्ठा घ्या आणि आतली मापे बरोबर ४२० × २०० × ५० ठेवा. अधिकृत पेटीला वरच्या बाजूला एक मिलिमीटरपर्यंत सवलत असते. त्या मिलिमीटरवर विसंबू नका, तुमच्या गावच्या पेटीला ती असेल आणि पुढच्या गावच्या पेटीला नसेल.

पिस्तूल ज्या सेटिंगवर तुम्ही खेळता, त्याच सेटिंगवर पेटीत ठेवा. साइट, वजने, शेल्फ सगळे जागेवर. दाबावे लागले तर नापास समजा. आत गेले, पण शेल्फ एका बाजूला टेकून तिरके राहिले, तर कॅलिपरने जाडी मोजा. ४९ च्या वर असेल तर घासायला घ्या. लाकूड दमट हवेत फुगते, कोकणातल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको.

तपासा: सामन्याच्या तीन आठवडे आधी एकदा आणि निघायच्या आदल्या रात्री एकदा. दोन्ही वेळा राखीव पिस्तूलही पेटीत घाला.

## टप्पा ७ : राखीव पिस्तूल

२५ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक, महिलांची १० मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरी. मनू भाकरचे पिस्तूल मध्येच बिघडले, दुरुस्तीत बरीच मिनिटे गेली आणि घड्याळ थांबले नाही. ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली आणि फायनल हुकली. त्या दिवसापासून प्रत्येक पालक राखीव पिस्तुलाबद्दल विचारतो, पण ‘कोणते घेऊ?’ एवढेच. ते कसे तयार ठेवायचे, हे कुणी विचारत नाही.

नव्या मुलाला पहिली दोन वर्षे राखीव पिस्तुलाची गरज नाही. क्लबमधले एखादे आपल्या ग्रिपला जुळणारे ठरवून ठेवले की पुरे. पुढे घ्यायचे ठरलेच, तर सर्वात सामान्य घोडचूक ही: मुख्य पूर्ण लांबीचे, आणि ‘राखीवच तर आहे’ म्हणून स्वस्तात मिळालेले सेकंडहँड आखूड. आखूडमध्ये फ्रंट साइट डोळ्याच्या जवळ येते, त्यामुळे ती रुंद दिसते आणि दोन्ही बाजूंची प्रकाशाची फट अरुंद होते. रिअर साइटची एक क्लिक (तिच्या स्क्रूचा एक खटका) छर्ऱ्याला जास्त सरकवते. ऐन सामन्यात नेमबाजाला चित्र वेगळे दिसते आणि क्लिकचा हिशेबही चुकतो.

उलट दिशेने मात्र एक सोय आहे. ज्याचे मुख्य पिस्तूल आखूड आहे, त्याने राखीवही त्याच मॉडेलचे आखूड घ्यावे. मूल मोठे झाल्यावर ही जोडी एकत्र विकली तर ग्राहक लवकर मिळतो.

जोडी लावायची ती या क्रमाने:

१. दोन्ही ग्रिप सारख्या कोरा. मुख्य ग्रिपचे चारही बाजूंनी फोटो आणि पाच ठिकाणची जाडी वहीत लिहा, राखीव त्याप्रमाणे उतरवा.
२. ट्रिगरची जागा, चापाच्या पहिल्या टप्प्याची (अडण्याआधीच्या हलक्या ओढीची) लांबी आणि ताण जुळवा. वजनकाट्यावर दोन्ही पिस्तुले पाच-दहा ग्रॅमच्या आत आणा.
३. फ्रंट साइटची रुंदी आणि रिअर साइटची फट कॅलिपरने मोजून एकसारखी करा.
४. छर्रे निवडा. एका बॅरलला आवडलेला छर्रा दुसरीला आवडेलच असे नाही. क्लॅम्पमध्ये धरून दोन्हींचे ग्रुप काढा, म्हणजे छर्रे किती जवळजवळ लागतात ते बघा.
५. झिरो करा (छर्रा नेमाच्या जागी लागेल अशी साइट बसवा) आणि क्लिकची नोंद केसच्या झाकणाला आतून चिकटवा.

यानंतर महिन्यातून दोनदा राखीव पिस्तुलाने पूर्ण ६० शॉटचा सामना खेळा. दोन पिस्तुलांच्या सरासरीत पाच गुणांपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर जोडी अजून जुळलेली नाही. पहिल्या पायरीवर परत जा.

## टप्पा ८ : सिलिंडर आणि कागदपत्रे

४.५ मिमीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही. तरी बिल आणि आयातीची कागदपत्रे मागून घ्या, सेकंडहँड घेताना तर मूळ मालकाच्या नावाचीही. अनुक्रमांक बिलाशी जुळवा.

सिलिंडरवर (पिस्तुलाच्या दाबलेल्या हवेच्या टाकीवर) उत्पादनाची तारीख कोरलेली असते. बहुतेक सिलिंडरची मुदत १० वर्षांची. स्वस्तातल्या राखीव पिस्तुलाबरोबर मुदत संपलेला सिलिंडर गळ्यात पडतो, आणि तारखेची जबाबदारी नेमबाजावरच असते. २०० बारच्या वर भरू नका, सावकाश भरा, व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू नका. आखूड पिस्तुलाचा सिलिंडरही लहान, त्यामुळे एका भरण्यात शॉट कमी निघतात. सायटर्स (सामन्याआधीचे सरावाचे शॉट) धरून नव्वद शॉट आरामात निघतात का, ते घरी मोजून बघा. विमानाने जाताना सिलिंडर सोडवून पूर्ण रिकामा करा आणि विमान कंपनीला आधी कळवा.

## टप्पा ९ : सामन्याच्या दिवशी

इक्विपमेंट कंट्रोलला दोन्ही पिस्तुले न्या. राखीव तपासून घेतले नसेल तर ते नसल्यातच जमा. तपासणीनंतर शेल्फसुद्धा सरकवायचा नाही.

६० शॉटना ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. पंचावन्न सेकंदांत एक शॉट या चालीने खेळणाऱ्याच्या हाताशी वीस मिनिटे उरतात. बिघाड झालाच तर हीच शिल्लक कामी येते, कारण तुमच्या पिस्तुलाच्या बिघाडासाठी जादा वेळ मिळत नाही. शेवटच्या सेकंदापर्यंत ताणून खेळणाऱ्याला राखीव पिस्तूलही वाचवू शकत नाही.

बिघडले तर: नळी टार्गेटकडेच, बोट ट्रिगरबाहेर, पिस्तूल खाली ठेवा, हात वर करा, रेंज ऑफिसरला सांगा. परस्पर पिस्तूल बदलू नका. दोन मिनिटांत कारण दिसले नाही तर दुरुस्तीचा नाद सोडा आणि राखीव मागा. हा दोन मिनिटांचा नियम माझा आहे, पुस्तकातला नाही. पण तो घरीच ठरलेला असावा, कारण त्या क्षणी डोके चालत नाही. फायनलमध्ये तर दुरुस्तीला किंवा बदलायला एकच मिनिट असते.

केसमध्ये राखीव पिस्तुलाचा सिलिंडर भरलेला, इलेक्ट्रॉनिक असेल तर बॅटरी नवी, आणि त्याच्या छर्ऱ्यांची डबी वेगळ्या रंगाची ठेवा. बालेवाडीला एकदा एका मुलाने सगळे बरोबर केले, पिस्तूल दीड मिनिटात बदलले, आणि मग पुढचे दहा शॉट मुख्य पिस्तुलाचे छर्रे घालून मारले.